कांद्याचा रंग

आमच्या मोठ्या बाई परदेशात गेल्या होत्या त्या खायला आणि चित्रं बघायला. दुसऱ्या कशालाही नाही. हे अगदी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल हल्ली गडचिरोलीत जे काही सांगितलं जातं ते ऐकून माझं डोकं फिरतं. माणूस गेला की लोक त्याला धुऊनपुसून चांगला करायला बसतात. आमच्या बाई होत्या तशाच चांगल्या होत्या. त्यांना कुणी धुवायची गरज नव्हती.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. कचेरी, जंगलखात्याचा डेपो, धानाच्या गिरण्या, आठवड्याचा बाजार, आणि गाव संपलं की जंगल. आगगाडी गाठायची तर आधी वैनगंगा ओलांडायची आणि मग मोटारीनं मूलला जायचं. नागपूरहून मी मास्तरीण म्हणून तिथे गेले तेव्हा नुकतीच विशी ओलांडली होती आणि नाकावर राग होता. तो अजून आहे. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई. एकट्या पोरीला भाड्यानं खोली द्यायला गावात कुणी तयार होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच घरातली एक खोली मला दिली. त्यामुळे दिवसा त्या माझ्या वरिष्ठ आणि संध्याकाळी घरमालकीण.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं. प्रवासानं जीव गेला होता. मी पहिला घास उचलला तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब वो. आधी पाहा."

"काय बघू?"

"ताट पाहा. का का रंग हायेत ते पाहा. मंग खा."

ताटात भात होता, लाखोळीच्या डाळीचं वरण होतं, अंबाडीची भाजी, लाल मिरचीचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. बाईंनी एक डोळा मिटला, हाताची मूठ नळीसारखी दुसऱ्या डोळ्याला लावली आणि ताट असं काही न्याहाळलं की जणू आत कोणी बसलं आहे. माझा भात गार झाला. मी मनात म्हटलं, ही बाई वेडी आहे आणि मला दुसरीकडे नोकरी शोधली पाहिजे.

वेडी म्हणायला गावाची हरकत नव्हतीच. शाळेत मुलींचे डबे तपासायच्या, पण स्वच्छतेसाठी नाही, रंगासाठी. "काऊन वो, सारं पिवळंच आनलं? मायले सांग, एखादी हिरवी मिरची ठेवत जा मनावं." चित्रकलेचा तास त्या स्वतः घ्यायच्या आणि त्यांना चित्र काढता यायचं नाही. अजिबात नाही. फळ्यावर त्यांनी काढलेला हत्ती मुली म्हैस समजून वहीत उतरवायच्या आणि बाई त्या म्हशीला चांगले गुण द्यायच्या. त्यांचं म्हणणं असं की काढता येवो न येवो, पाहता आलं पाहिजे. आठवडाभर एकच वांगं टेबलावर ठेवून त्या वर्गाला ते रोज बघायला लावायच्या. शेवटच्या दिवशी वांगं सुरकुतून तपकिरी व्हायचं आणि मुलींना त्याची दया यायची. निरीक्षक आले तेव्हा त्यांनाही बाईंनी वांग्यापुढे बसवलं होतं.

पण गावाचा खरा राग वांग्यावर नव्हता, कांद्यावर होता. बाई विधवा होत्या. पोरवयात लग्न झालं, नवरा तापानं गेला, आणि सासरच्या बऱ्या घरात त्यांनी कित्येक वर्षं एकवेळ जेवून काढली. कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही. विधवेच्या पोटात तिखट-तामसी गेलं की तिचं मन चळतं असं त्या घरातल्या पुरुषांचं मत होतं. ते पुरुष स्वतः काय काय खात-पीत होते ते विचारू नका. एकदा जावेच्या पानातला उरलेला कांदा बाईंनी तोंडात टाकला तर सासऱ्यांनी सगळ्यांसमोर तोंडात बोटं घालून तो काढायला लावला. हे बाई मला हसत हसत सांगायच्या. मला हसू येत नसे. मी अजूनही त्या सासऱ्याला शिव्या देते.

पुढे भावानं त्यांना ट्रेनिंगला घातलं, नोकरी लागली, आणि गडचिरोलीत स्वतःचं बिऱ्हाड झाल्यावर पहिलं काम काय केलं तर बाजारातून पायलीभर कांदे आणले. तेव्हापासून त्या घराच्या ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून, दार सताड उघडं टाकून जेवायच्या. येणारा-जाणारा बघायचा. बाई त्याला घास दाखवून म्हणायच्या, "या जेवाले." मग लोक मान खाली घालून पुढे सटकायचे.

शाळा चालवायची ती गावातल्या प्रतिष्ठितांची समिती. तिचे अध्यक्ष एका धानगिरणीचे मालक होते. माणूस दुष्ट नव्हता, हे मला रागातसुद्धा कबूल करावं लागतं. शाळेची इमारत त्यांनीच बांधून दिली होती. ते काशीला जाऊन आले होते. आमच्याकडे काशीला गेलं की खाण्यातलं काहीतरी जन्मभरासाठी सोडून यायचं असतं. अध्यक्षांनी कारलं सोडलं. कारलं त्यांना लहानपणापासूनच आवडत नव्हतं. सोबत त्यांची विधवा बहीण होती, घरातलं सगळं रांधणारी. तिला मात्र आंबा सोडायला लावला. ती वैशाखात घरभर आमरस वाटायची आणि हात धुऊन टाकायची. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

आता परदेशाचं. स्वातंत्र्यानंतर बल्लारपूरकडच्या खाणीतले गोरे साहेब घरं आवरून परत जायला लागले. त्यांच्या सामानाचे लिलाव व्हायचे. लोक खुर्च्या आणि काचेची भांडी आणायचे. बाईंनी एक जाडजूड पुस्तक आणलं. आत नुसती चित्रं, परदेशातल्या संग्रहालयांमधली. रंगीत थोडी, बाकी सगळी काळी-पांढरी. त्या काळ्या-पांढऱ्यांत एक चित्र होतं: एक म्हातारी टेबलाशी बसून जेवते आहे. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. पुढ्यात जाड पाव आणि कांदा. एक कांदा फोडलेला, त्यातली एक पाकळी तिच्या हातात, आणि तोंड भरलेलं. बस. ना देव, ना राजा, ना परी.

चामोर्शीच्या वाटेवर मिशनचा एक दवाखाना होता. तिथली एक म्हातारी सिस्टर मूळची इटलीची. बाईंनी तिला पुस्तक दाखवलं. ती म्हणाली, आमच्याकडे नवरा वारलेल्या बायका असे काळे कपडे घालतात, आणि हे चित्र आहे ते फ्लॉरेन्सला, माझ्या माहेरच्या शहरात. झालं. त्या दिवसापासून बाईंना एकच ध्यास लागला.

"ते विधवा होये, आन् कांदा खाऊन राह्यली," त्या मला म्हणाल्या. "पन कांदा पांढरा का लाल, ते काई समजत नाई या पुस्तकात."

"काय फरक पडतो?"

"तुले नाई पडत. मले पडते."

वर्षभरानं सिस्टर सुट्टीवर घरी निघाली तेव्हा बाई म्हणाल्या, मीही येते. सासूनं मरताना बाईंच्या वाट्याचे दागिने परत केले होते, ते त्यांनी चांद्याच्या सोनाराकडे मोडले. मी भीत भीत म्हटलं, अहो, म्हातारपणाची सोय होती ती. तर म्हणाल्या, "अंगावर घालाची मनाई होती मले. मंग पोटात घालतो."

उन्हाळ्याची सुट्टी लागली त्या दिवशी त्या गेल्या. नदीत गुडघाभर पाणी होतं, बैलगाडीनं पलीकडे झाल्या. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आल्या तेव्हा वैनगंगेला पूर होता आणि नावेतून उतरताना त्यांचा एक पाय चिखलात रुतला होता. शाळेचा एक दिवस त्यांनी बुडवला नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर तेही बोललं गेलं.

त्या गेल्या आणि गावाला विषय मिळाला. बॅरिस्टर व्हायला विलायतेला जातात ते लोकांना समजत होतं. डॉक्टर व्हायला जातात तेही. पण एक विधवा मास्तरीण आगबोटीत बसून जाते आणि कारण विचारलं तर सांगते की खायला जाते! कचेरीत, गिरणीत, पाणवठ्यावर एकच हसणं: "मोठ्या बाई कांदा पाहाले गेल्या. इथी भेटत नोता का कांदा?" लोक काशीला जाऊन खायचं सोडून येतात आणि ही बाई परदेशात जाऊन खायचं धरून येणार, हे काही केल्या गावाच्या घशाखाली उतरेना.

परत आल्यावर महिला मंडळानं त्यांना बोलावलं. हळदीकुंकवाला कधी बोलावलं नव्हतं, पण आता बोलावलं. बायकांना ऐकायचं होतं ते मी ओळखून होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर एकीनं पदर तोंडाला लावून विचारलंच, "बाई, तिथी मनते उघडे-नागडे पुतळे ठेवतेत. तुमी पाह्यले का वो?"

"पाह्यले ना."

"अगं बाई! मंग?"

"मंग का? आपल्या घरचे मानसं असतेत तसेच. जराशे बरे."

खोली हसून लोळली आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य बाहेर पुरुषांमध्ये पोचलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

मला त्यांनी ते शहर तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, जेवताना. सिस्टरच्या बहिणीची तिथे लहानशी खाणावळ होती, तिच्याच माळ्यावर बाई राहिल्या. भाषा येत नव्हती, त्याचं काही अडलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांड्याचं झाकण उचलायचं आणि बोट दाखवायचं. तिथला पाव बिनमिठाचा. आधी त्यांना वाटलं मीठ घालायला विसरले, मग कळलं की रीतच तशी. शिळा पाव पालेभाजीत आणि पांढऱ्या घेवड्यात शिजवून, वरून कच्चं तेल सोडून खायचा. "आपन शिळ्या पोळीचा कुस्करा करतो तसंच. तिथी त्याले हाटेलात मान हाय." द्राक्षाची दारूही त्यांनी चाखली होती आणि ते लपवलं नाही. मोहाच्या दारूचा वास आमच्याकडे घरोघरी ओळखीचा. बाईंचं मत पडलं की मोहाचीच जास्त खरी असावी, कारण वास तरी खरा आहे.

सकाळी खायचं, संग्रहालयात जायचं, भूक लागेपर्यंत बघायचं, बाहेर येऊन पुन्हा खायचं आणि परत आत. बाकीचे प्रवासी भिंतीभिंतीनं पळत होते. बाई पहिल्या दिवशी त्या म्हातारीपर्यंत पोचल्या आणि तिथेच थांबल्या. रोज तिथेच. एक दिवस त्यांनी पिशवीतून पाव आणि कांदा काढला आणि चित्रासमोरच्या बाकावर खायला सुरुवात केली. पहारेकरी धावत आला, हातवारे करून ओरडायला लागला. बाईंनी शांतपणे चित्राकडे बोट केलं, मग स्वतःकडे. ती खाते, तिला कोणी हाकलत नाही, मला का? तो पहारेकरी आधी गोंधळला आणि मग इतका हसला की लोक जमले. त्यानं त्यांना बाहेरच्या अंगणात नेलं, आपला डबा उघडला आणि दोघं पायरीवर बसून जेवले. जाताना त्यानं बाईंकडून अर्धा कांदा मागून घेतला.

एवढ्या मोठ्या गावात, मी शपथेवर सांगते, बाईंना सरळ प्रश्न फक्त एका माणसानं विचारला. बाजारातला कांदेवाला चाचा. मी सोबत होते. त्यानं तराजू खाली ठेवला आणि म्हणाला, "तो मंग बाई, का निकला? लाल की सफेद?"

"लाल, चाचा. वरची साल जांभळी, आत पांढऱ्यावर गुलाबी रेघा. आन् फोडला तिथी ओला. आता पानी गळन असं."

"अपने जैसाच?"

"तुमच्या ढिगातला उचलून ठेवला असन."

चाचानं एक कांदा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि बराच वेळ तो वजनात टाकलाच नाही. बाकीचं गाव विचारत होतं, फायदा काय झाला.

फायद्याचा प्रश्न समितीनं हातात घेतला. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका केवळ जिव्हालौल्यासाठी देशाबाहेर जाते, हा शब्द सेक्रेटरींचा, यानं मुलींवर काय संस्कार होणार? काही पालकांनी मुली काढून घ्यायची धमकी दिली होती. सेक्रेटरी वकील होते, गोड बोलणारे. ते समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी घरी आले आणि ओसरीवर न बसता आत येऊन बसले.

"मोठ्या बाई, कुणालाच तुम्हाला घालवायचं नाही. तुम्ही फक्त बैठकीत एवढंच सांगा की पाश्चात्य देशांतील शिक्षणपद्धतीचं अवलोकन करण्यासाठी गेले होते. अध्यक्ष समाधानी, पालक समाधानी. उलट आम्ही तुमचा सत्कार करू."

"पन मी तं शाळा पाह्यलीच नाई एक बी. तिथी बी सुट्ट्या लागून राह्यल्या होत्या."

"ते कोण बघायला जातंय?"

ते गेल्यावर माझा संताप उफाळला. सुट्टीत गेल्या, स्वतःच्या पैशानं गेल्या, कुणाचं काही घेतलं नाही, कुणाचं बुडवलं नाही. पुरुष सुट्टीत नागपूरला जाऊन काय दिवे लावतात ते कुणी विचारतं का? मी म्हटलं, बाई, असलं खोटं मुळीच बोलायचं नाही. बाई कांदा चिरत होत्या. चिरून झाल्यावर म्हणाल्या, "एक वाक्य होये ना? बोलून टाकतो. शाळा सोडून मी कुठी जाऊ, आन् पोरी कोनाच्या हवाली करू? ह्या वकिलाच्या?" त्यांना दुसरं काहीच नव्हतं, ती शाळाच होती. त्या रात्री त्यांनी ताटाकडे न बघता जेवण केलं. मी त्यांना तसं करताना पहिल्यांदा पाहिलं.

बैठक अध्यक्षांच्या घरी होती, दुपारी. पुढच्या खोलीत समिती, शिक्षकांतर्फे मी दाराशी एका स्टुलावर. माजघराच्या दाराला पडदा आणि पडद्यामागे कपबशांचा आवाज. अध्यक्षांची बहीण चहा करत होती. ती बाहेर यायची नाही, चहाचं तबक पडद्याखालून पुढे सरकायचं आणि गिरणीतला माणूस ते उचलायचा.

सेक्रेटरींनी प्रस्तावना केली. बाई उभ्या राहिल्या. शाळेतल्या शुद्ध भाषेत, फळ्यावरचं वाचावं तसं त्यांनी वाक्य म्हटलं, "पाश्चात्य देशांतील शिक्षणपद्धतीचं अवलोकन करण्यासाठी मी गेले होते."

"झालं!" अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "एवढंच तं पायजे होतं. मी लोकायले मनतच होतो, आपल्या बाई तशा नाईत. सेक्रेटरीसाहेब, लिहून घ्या."

सगळे हलले, पान-सुपारी पुढे आली. आणि तेवढ्यात लक्षात आलं की पडद्यामागचा कपबशांचा आवाज थांबला आहे.

"बाई," आतून आवाज आला. बारीक, न वापरलेला. "मंग ते चित्रातली बाई... ते खोटीच का वो?"

अध्यक्षांनी वळून पाहिलं. "तू आत जा."

"आतच तं हाय मी," आवाज म्हणाला.

बाई बसायच्या बेतात होत्या, त्या पुन्हा सरळ झाल्या. मघाच्या शुद्ध भाषेचा मागमूस राहिला नाही.

"खोटी नाई. खरी होये. काऊन?"

"बजारात मनून राह्यले होते. विधवा होये मनते. आन् कांदा खाते."

"खाते."

"कोनी काई मनत नाई तिले?"

त्या चित्र आठवत होत्या हे मला दिसत होतं, एक डोळा बारीक झाला होता.

"तिथी दुसरं कोनीच नाई वो," त्या म्हणाल्या. "टेबल हाय, भाकर हाय, आन् ते हाय. मागं दार उघडं हाय. रस्त्यानं जानारे पाहात असतीन. ते खाऊन राह्यली. लाल कांदा हाय, आपल्याच सारखा."

मग त्या समितीकडे वळल्या. "सेक्रेटरीसाहेब, मी मघाशी बोलली ते काटून टाका. मी शाळा-गिळा काई पाह्यली नाई. मी खाले गेली होती आन् चित्रं पाहाले. पोटभर खाल्लं. डोळे भरून पाह्यलं. येवढंच लिहा."

"बाई, याचा परिणाम काय होईल ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळते ना. मी बी मास्तरीणच होये."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. मला वाटतं त्यांना लागलं ते बाईंचं बोलणं नव्हतं, पडद्यामागून आलेलं होतं. पण पडद्याला काय बोलणार? "माह्या घरात बसून माह्या बहिनीले शिकवता तुमी?"

"शिकवलं नाई, भाऊ," बाई म्हणाल्या. "तिनं इचारलं, मी सांगतलं. तुमची ते शिक्षणपद्धती, ते दुसरी का असते?"

आम्ही निघालो तेव्हा चहा कुणी प्यायलेला नव्हता. पडद्यामागून कपबशा गोळा करण्याचा आवाज सुरू झाला होता.

दिवाळीच्या आत बाईंना काढलं. कारण दिलं, शिस्तभंग. कसली शिस्त, कसला भंग, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही. मीही राजीनामा लिहिला होता. बाईंनी तो वाचला आणि चुलीत टाकला. "पोरी कोनाच्या हवाली?" एवढंच म्हणाल्या. जायच्या आदल्या दिवशी ते जाड पुस्तक त्यांनी आपल्या एका लुगड्यात गुंडाळलं आणि अध्यक्षांच्या घराच्या मागच्या दारानं मला पाठवलं. दार किलकिलं झालं, दोन हात बाहेर आले, गाठोडं आत गेलं, दार लागलं. पुढे त्या घरात काय झालं ते मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. त्या घरातलं आतलं बाहेर येत नसे.

बाई आरमोरीला भावाकडे गेल्या. ओसरीवर मुलींची शिकवणी घ्यायच्या, वांगं ठेवून. मी सुट्टीत जायचे. शेवटी शेवटी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी ताटाला मुठीची नळी लावून विचारायच्या, "सांग वो, का का रंग हायेत?" आणि मी एकेक सांगितल्यावरच घास घ्यायच्या.

आता माझ्या रागाचं ताजं कारण. शाळेचा मोठा उत्सव झाला. इमारत नवी, समिती नवी, अध्यक्ष जुन्या अध्यक्षांचा नातू. जुन्या शिक्षकांत मी तेवढी जिवंत, म्हणून बाईंच्या फोटोचं अनावरण माझ्या हातून. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी का होईना, शाळेला आठवण झाली. मी नवं पातळ नेसून गेले. टाळ्या झाल्या, मी दोरी ओढली, फोटोत बाई होत्या, तशाच, एक डोळा थोडा बारीक. आणि खाली चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवलेली, सोनेरी अक्षरांत: पाश्चात्य देशांतील शिक्षणपद्धतीच्या अभ्यासासाठी परदेश दौरा करणाऱ्या शाळेच्या आदरणीय मुख्याध्यापिका.

जे एक वाक्य परत घेऊन त्या बाईनं आपली शाळा गमावली, ते वाक्य तिच्या गळ्यात घालून वर हार चढवला होता.

मी नातवाला विचारलं, हे कुणी लिहिलं? तो बिचारा म्हणाला, "आजी, जुन्या कागदांत सापडलं. बरं वाटते ना?" म्हणजे सेक्रेटरींनी ते काटलंच नव्हतं. त्या वकिलानं शेवटपर्यंत ते काटलं नव्हतं!

मी माझी नखं त्या पट्टीखाली घातली. मंचावर, सगळ्यांसमोर. कागद नवा होता, डिंक ओला होता, निघाला. कुणीतरी माइक पुढे केला, त्यांना वाटलं म्हातारी भावनाविवश झाली आहे. मी भावनाविवश नव्हते, मी संतापले होते. खाली जी कोरी जागा राहिली तिच्यावर काय लिहायचं ते मी माइकवर सांगितलं. मुली खूप हसल्या, मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती जागा अजून कोरी आहे. मी चौकशी करत असते.

लिहायचं ते एवढंच होतं: बाई खायला आणि चित्रं बघायला गेल्या होत्या. कांदा लाल होता.